टोळीचे टन, काट्याचे टन आणि ट्रिगरांचा नकाशा : एक प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्यात गाळप हंगाम ऐन भरात असताना हिशेब विभागाला एक विसंगती आढळली. एका पंधरवड्यात तोडणी टोळ्यांच्या नावावर जमा झालेल्या उसाचे एकूण टन हे त्याच पंधरवड्यात वजनकाट्यावर आलेल्या उसाच्या टनांपेक्षा जास्त भरत होते. फरक एकूण गाळपाच्या मानाने लहान होता, परंतु तो सगळ्या टोळ्यांत विखुरलेला नव्हता. काही मोजक्या प्लॉटांवर काम केलेल्या टोळ्यांच्या खात्यांतच तो साचला होता. शेतकऱ्यांची ऊस बिले बरोबर होती, प्लॉटनिहाय आलेले टन बरोबर होते, काट्याच्या पावत्याही बरोबर होत्या. तोडणी मजुरी आणि वाहतूक भाडे या दोनच नोंदी दुबार पडत होत्या, आणि त्या पाडणारा डेटाबेसमधील प्रत्येक नियम सुटा वाचला असता निर्दोष दिसत होता.

कारखान्याचे नाव येथे दिलेले नाही आणि उदाहरणातील वजने केवळ समजण्यापुरती घेतली आहेत. प्रकरणाचे महत्त्व चुकीच्या रकमेत नाही. घटना घडली की आपोआप चालणारे डेटाबेसचे नियम चित्ररूपाने मांडण्याची साधने नेमकी कशासाठी वापरावीत आणि कशासाठी वापरू नयेत, हे या प्रकरणात बरेच स्पष्ट होते. अशा साधनांची जाहिरात सहसा ‘प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही नियम लिहिता येतील’ अशी केली जाते. या प्रकरणात तो लाभ किरकोळ ठरला. खरा उपयोग झाला तो कोणता नियम कोणत्या नियमाला जागा करतो हे एका नजरेत दिसण्याचा, कारण कोणत्याही एका नियमाच्या मजकुरात ती गोष्ट लिहिलेली नसते.

मूळ व्यवस्था

उसाची नोंद शेतकी विभागात होते. प्लॉटचे क्षेत्र, लागणीची तारीख, लागण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि त्यावरून काढलेला टनांचा अंदाज हे त्या नोंदीत असते. तोडणीचा क्रम लागला की चिटबॉय (तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा कर्मचारी) टोळीला त्या प्लॉटावर पाठवतो, उसाची खेप पावतीसह काट्यावर येते, भरलेल्या वाहनाचे वजन होते, गव्हाणीत ऊस उतरवला जातो आणि परतताना रिकाम्या वाहनाचे वजन होते. या दुसऱ्या वजनाची नोंद हीच सगळ्या हिशेबाला चालना देणारी घटना आहे. तिच्यावरून निव्वळ वजन निघते, निव्वळ वजनावरून तोडणी मजुरी, मुकादमाचे कमिशन आणि अंतराच्या टप्प्यानुसार वाहतूक भाडे निघते, आणि प्लॉटावरून आतापर्यंत किती ऊस आला याची बेरीज पुढे सरकते.

कारखान्याची माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होती आणि वरील सर्व कामे ट्रिगरांवर, म्हणजे टेबलात ठरावीक बदल झाला की आपोआप चालणाऱ्या नियमांवर, सोपवलेली होती. आपल्या गोष्टीत येणारे ट्रिगर चारच आहेत. पहिला, खेपेच्या ओळीत बदल लिहिला जाण्यापूर्वी, भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करून निव्वळ वजनाचा रकाना भरत असे. दुसरा, खेपेच्या ओळीत बदल झाल्यानंतर, टोळी आणि वाहतूकदार यांच्या खात्यांत नोंद टाकत असे. तिसरा, त्याच घटनेनंतर, त्या प्लॉटाच्या सर्व खेपांची नव्याने बेरीज करून नोंदीतील ‘आलेले टन’ अद्ययावत करत असे. चौथा प्लॉटाच्या नोंदीवर बसवलेला होता: आलेले टन अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून अधिक झाले, तर त्या प्लॉटाच्या अजून अंतिम बिल न झालेल्या सर्व खेपांची स्थिती बदलून तो त्यांना ‘तपासणी’त टाकत असे, म्हणजे शेजारच्या बिगरनोंद प्लॉटाचा ऊस याच नोंदीवर खपवला जात नाही ना, हे शेतकी विभागाला पाहता येई.

हा चौथा नियम हंगामाच्या मध्यावर, शेतकी विभागाच्या रास्त मागणीवरून, नंतर जोडलेला होता. दुबार नोंदी त्यानंतरच सुरू झाल्या. मात्र त्या नियमात मजुरीचा उल्लेखही नसल्यामुळे कोणाचा संशय तिकडे गेला नाही.

साखळी

समजा, एका प्लॉटाचा अंदाज ७२ टनांचा आहे आणि आधीच्या तीन खेपांत २०.१, २१.४ आणि १९.८ असे मिळून ६१.३ टन आले आहेत. चौथी खेप येते. भरलेले वजन २७.४२ टन, रिकामे ७.९२ टन. काट्यावरील लिपिक रिकामे वजन नोंदवतो. पहिला ट्रिगर १९.५ टन निव्वळ वजन लिहितो, दुसरा मजुरी आणि भाड्याची नोंद टाकतो, तिसरा बेरीज ८०.८ टनांवर नेतो. अंदाजावर १० टक्के धरून मर्यादा ७९.२ टन होते, ती ओलांडली गेली म्हणून चौथा ट्रिगर जागा होतो आणि चारही खेपांची स्थिती ‘तपासणी’ करतो. स्थिती बदलणे हादेखील खेपेच्या ओळीतील बदलच आहे. दुसरा ट्रिगर ‘खेपेत बदल झाल्यावर’ एवढ्याच घटनेवर बांधलेला होता, कोणत्या रकान्यात बदल झाला याची चौकशी तो करत नव्हता. त्यामुळे तो चारही खेपांसाठी पुन्हा चालला आणि चारही खेपांची मजुरी व भाडे दुसऱ्यांदा जमा झाले.

तिसरा ट्रिगरही पुन्हा चालला, परंतु तो दर वेळी बेरीज शून्यापासून करत असल्याने कितीही वेळा चालला तरी उत्तर तेच येत होते. शेतकऱ्याचे बिल पंधरवड्याच्या शेवटी थेट खेपांच्या टेबलावरून काढले जात असल्याने तेही बिघडले नाही. ज्या दोन खात्यांत नोंदी साचत जातात, तेथेच दुबार परिणाम उमटला, आणि नेमक्या याच कारणामुळे पहिली तपासणी फसली: टन बरोबर आहेत तर ट्रिगर बरोबर आहेत, असा निष्कर्ष काढला गेला. टोळीच्या टनांचा काट्याच्या टनांशी ताळा घालण्याची हिशेबनिसांची जुनी सवय नसती, तर हा फरक मुकादमांच्या उचलीत जिरून गेला असता आणि हंगाम संपेपर्यंत कोणाला दिसला नसता.

तिसऱ्या ट्रिगराच्या दुसऱ्या फेरीनंतर प्लॉटाची नोंद पुन्हा अद्ययावत झाली, चौथा ट्रिगर पुन्हा जागा झाला, पण आता स्थिती बदलण्याजोगी एकही खेप उरली नव्हती. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक ओळीसाठी चालणारा ट्रिगर, एकही ओळ बदलली नाही तर, एकदाही चालत नाही. साखळी तेथे थांबली. म्हणजे अनंत फेऱ्यांचा दोष नव्हता, कोणतीही त्रुटी पडद्यावर आली नाही, काटा अडला नाही. साखळी व्यवस्थित थांबत होती, फक्त एक फेरी जास्त करून.

पहिली दुरुस्ती आणि तिचे फळ

संगणक विभागाला दुसऱ्या ट्रिगरावर संशय आल्यावर सुचलेला उपाय अगदी स्वाभाविक होता. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगर विशिष्ट रकान्याच्या बदलापुरता मर्यादित करता येतो, तेव्हा तो ‘निव्वळ वजन’ या रकान्यापुरता करावा, म्हणजे स्थिती बदलली तरी तो उठणार नाही. चाचणीत निव्वळ वजनाचा रकाना थेट बदलून पाहिला, नोंद एकदाच पडली, आणि बदल चालू व्यवस्थेत गेला. त्यानंतर मजुरीच्या नोंदी पूर्णच बंद पडल्या.

कारण असे की, रकान्यापुरता मर्यादित केलेला ट्रिगर त्या रकान्याचे मूल्य बदलले का हे पाहत नाही. बदलाच्या आदेशात त्या रकान्याचे नाव घेतले होते का, एवढेच तो पाहतो. काट्यावरचा आदेश फक्त ‘रिकामे वजन’ लिहीत होता. निव्वळ वजन पहिला ट्रिगर आतल्या आत भरत होता, आणि ‘आधी चालणाऱ्या’ ट्रिगराने केलेला असा बदल या हिशेबात धरला जात नाही. ही गोष्ट पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली आहे, पण ती वाचायला कोण जातो, आणि वाचली तरी पहिला ट्रिगर त्याच रकान्याला हात लावतो हे त्या क्षणी लक्षात यायला हवे. चाचणी लिहिणाऱ्याने तो रकाना थेट बदलल्यामुळे चाचणीत घडलेली घटना आणि काट्यावर घडणारी घटना या दोन वेगळ्या घटना होत्या.

या टप्प्यावर नियमांचे चित्र काढण्याचा निर्णय झाला. तो कोणत्याही साधनाच्या हौसेपोटी झाला नाही. चार माणसांना चार ट्रिगरांची साखळी तोंडी सांगताना प्रत्येक वेळी एक दुवा निसटत होता म्हणून झाला.

चित्रामागचा विचार

घटना, अट आणि कृती अशा तीन भागांत नियम मांडण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हायपॅक या संशोधन प्रकल्पातून रूढ झाली. आयबीएमच्या अल्माडेन केंद्रातील स्टारबर्स्ट या प्रायोगिक डेटाबेसमध्ये अशा नियमांवर बरेच काम झाले, आणि १९९२ मध्ये अलेक्झांडर एकन, जेनिफर विडम व जोसेफ हेलरस्टीन यांनी नियमांच्या समूहाला विचारायचे तीन प्रश्न नीट मांडले: साखळी कधीतरी थांबेल का, नियमांचा क्रम बदलला तरी डेटाबेसची अंतिम स्थिती तीच राहील का, आणि बाहेरच्या जगाला दिसणारे परिणाम तेच राहतील का. पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी वापरलेले साधन म्हणजे एक आलेख. प्रत्येक नियम हा एक बिंदू, आणि एका नियमाची कृती दुसऱ्याची घटना घडवू शकत असेल तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण. या आलेखात बाणांचे वर्तुळ नसेल तर साखळी थांबणारच. वर्तुळ असेल तर ती थांबणार नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण एखादी अट ते वर्तुळ प्रत्यक्षात तोडत असू शकते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या ‘एसक्यूएल : १९९९’ या प्रमाणकात ट्रिगर आले, सर्व मोठ्या डेटाबेसांत ते आहेत, पण हा आलेख काढून दाखवण्याची सोय त्यांच्या नेहमीच्या साधनांत सहसा नसते. टेबलांचे आपसातील नाते दाखवणारी आकृती कोणतेही साधन काढून देते; ट्रिगर त्या आकृतीत असलेच तर टेबलाच्या कोपऱ्यातील एखाद्या चिन्हापुरते असतात.

कारखान्याच्या चार ट्रिगरांचा आलेख काढल्याबरोबर तिसऱ्या-चौथ्यामधील वर्तुळ आणि चौथ्याकडून दुसऱ्याकडे, म्हणजे मजुरीकडे, जाणारा बाण समोर आला. खेपेतून प्लॉटाच्या नोंदीकडे, त्या नोंदीतून पुन्हा खेपेकडे. शेतकी अधिकाऱ्यांनी ते पाहून विचारलेला प्रश्न असा की, आम्ही खेप तपासणीत टाकली तर मजुरीचा बाण तिकडून का निघतो? कागदावरच्या ट्रिगराच्या मजकुरासमोर बसून हा प्रश्न त्यांना विचारता आला नसता, आणि तो प्रश्न हेच उत्तर होते.

येथे एक मर्यादा नोंदवली पाहिजे. १९९२ च्या त्या मांडणीतील पहिला प्रश्न ‘थांबेल का’ असा आहे आणि येथे साखळी थांबत होती. कारखान्याला भेडसावणारा प्रश्न वेगळा होता: हा नियम एकाच कारणासाठी दोनदा चालला तर नुकसान होते का? म्हणून आलेखातील प्रत्येक कृतीच्या चौकटीला दोनच रंग ठरवले गेले. पुन्हा चालली तरी उत्तर तेच राहणारी कृती एका रंगाची, आणि दर वेळी भर घालणारी कृती दुसऱ्या रंगाची. वर्तुळावर किंवा वर्तुळातून निघणाऱ्या बाणावर दुसऱ्या रंगाची एकही चौकट असेल तर तो नियमसमूह मंजूर करायचा नाही, असा दंडक बसला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वाधिक कामाची ठरलेली गोष्ट हीच आहे, आणि ती कोणत्याही विकतच्या साधनात तयार मिळालेली नाही.

चित्र कोठून काढायचे

हाताने काढलेले चित्र पहिल्या बैठकीपुरते खरे असते. नंतर कोणी ट्रिगर बदलतो, चित्र तसेच राहते, आणि जुन्या चित्रावर विश्वास ठेवणारा माणूस चित्र नसलेल्या माणसापेक्षा अधिक चुकतो. म्हणून चित्र डेटाबेसमधूनच निघाले पाहिजे असे ठरले. त्यातील अर्धे काम सोपे होते. कोणत्या टेबलावर, कोणत्या घटनेवर, आधी की नंतर, ओळीगणिक की आदेशागणिक, कोणत्या अटीवर कोणते फंक्शन (ट्रिगराची कृती लिहिलेला कोड) चालते, हे सर्व पोस्टग्रेसच्या अंतर्गत सूचीत असते आणि एका चौकशीत बाहेर काढता येते. त्यावरून ग्राफव्हिजसाठी (मजकुरावरून आलेख काढणाऱ्या साधनासाठी) मजकूर तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली की चौकटी आणि त्यांकडे येणारे बाण मिळतात.

चौकटीतून बाहेर जाणारे बाण मात्र मिळत नाहीत. फंक्शनचा मजकूर पोस्टग्रेस सामान्यतः निव्वळ अक्षरांच्या स्वरूपात ठेवतो. ते फंक्शन आत कोणत्या टेबलात लिहिते याची नोंद तो ठेवत नाही. त्यामुळे ‘चौथा ट्रिगर खेपांमध्ये लिहितो’ हा या प्रकरणातील कळीचा बाण सूचीत कोठेही नव्हता. त्यावर तोडगा असा काढला गेला की, प्रत्येक ट्रिगर-फंक्शनच्या टिपणीत ते कोणत्या टेबलात आणि कोणत्या रकान्यात लिहिते हे ठरावीक नमुन्यात लिहायचे, चित्र काढणाऱ्या स्क्रिप्टने ते वाचायचे, आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक ट्रिगर प्रत्यक्ष चालवून टिपणीत न लिहिलेल्या टेबलात काही बदल झाला का हे तपासायचे. टिपणी आणि वर्तन यांत तफावत आली की नवा बदल चालू व्यवस्थेत जात नाही. उपाय थोडा किचकट आहे हे मान्य, पण त्याशिवायचे चित्र अर्धवट राहते.

क्रमाची बाब चित्रात नंतर घातली गेली. एकाच टेबलावर एकाच घटनेसाठी अनेक ट्रिगर असतील तर पोस्टग्रेस ते नावांच्या अक्षरक्रमाने चालवतो. ट्रिगरांची नावे नीटनेटकी करण्याचे निरुपद्रवी वाटणारे कामसुद्धा त्यामुळे हिशेबाचा क्रम बदलू शकते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ५.७.२ या आवृत्तीपासून एकाच घटनेवर अनेक ट्रिगर ठेवता येतात आणि त्यांचा आपसातील क्रम स्पष्ट सांगता येतो. पोस्टग्रेसमध्ये ती सोय नसल्याने नावांच्या आरंभी क्रमांक घालण्यात आले आणि चित्रातही तेच क्रमांक चौकटीवर उमटू लागले.

अटींसाठी तक्ता

चित्राने सगळे सांगावे हा आग्रह मात्र लवकरच सोडावा लागला. तपासणीची अट पुढे वाढत गेली. लागणीच्या प्रकारानुसार अंदाजावरील सवलत वेगळी हवी, जळीत उसाला वेगळा न्याय हवा, क्षेत्राची फेरमोजणी झाली असेल तर अडवू नये. हे सारे बाणांनी दाखवायला गेल्यावर आकृती वाचण्यापलीकडे गेली. गूगलच्या ब्लॉकलीसारखी ठोकळे जुळवण्याची पद्धतही करून पाहण्यात आली; लहान अट तीत छान वाचता येते, पण अटीत तीनचार पदरी ‘आणि-किंवा’ आले की ठोकळ्यांची उतरंड पडद्याबाहेर जाते आणि शेतकी विभागातील लोक पुन्हा ‘तुम्हीच वाचून दाखवा’ म्हणू लागतात.

अखेर अटी निर्णय-तक्त्यात गेल्या. ओएमजी या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएमएन या प्रमाणकात असे तक्ते कसे लिहावेत हे ठरवून दिलेले आहे. प्रत्येक ओळ म्हणजे परिस्थितीचा एक नमुना आणि त्याचा निकाल, आणि एका परिस्थितीला एकाहून अधिक ओळी लागू पडल्या तर काय करायचे याचा संकेत तक्त्याच्या कोपऱ्यातील एका अक्षराने दिलेला. कारखान्याने ‘एका परिस्थितीला एकच ओळ’ हा सर्वांत कडक संकेत निवडला. त्यामुळे तक्ता तपासताना दोन गोष्टी लगेच उघड झाल्या. फेरमोजणी झालेल्या जळीत उसाला दोन ओळी लागू पडत होत्या आणि त्यांचे निकाल परस्परविरुद्ध होते. आणि फेरमोजणी न झालेल्या जळीत खोडव्याला एकही ओळ लागू पडत नव्हती, म्हणजे असा ऊस कोणत्याही निर्णयाविना पुढे जात होता. जुन्या फंक्शनमध्येही हे दोष होते, पण तेथे एकात एक गुंतलेल्या अटींच्या क्रमामुळे ते झाकले गेले होते. तक्त्याखाली शेतकी अधिकाऱ्यांची सही घेता येते, फंक्शनखाली ती घेण्याला अर्थ नसतो.

दरांचे आकडे मात्र तक्त्यातही ठेवले नाहीत. रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दर हंगामासाठी जाहीर करते. १०.२५ टक्के साखर उताऱ्याला तो २०२४-२५ साठी क्विंटलला ३४० रुपये होता, २०२५-२६ साठी ३५५ रुपये झाला. नियमाच्या पोटात आकडा असला की दरवर्षी नियम बदलावा लागतो. आकडा हंगामाच्या टेबलात असला की नियम तसाच राहतो.

जी घटना कोणी घडवत नाही

चित्र काढताना आणखी एक उणीव दिसली आणि ती तांत्रिकपेक्षा कायदेशीर होती. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार, उभयपक्षी लेखी करार वेगळा नसेल तर, ऊस पोचल्याच्या तारखेपासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास त्या काळासाठी वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते. कारखान्याच्या व्यवस्थेत हा नियम ‘बिलाच्या ओळीत बदल झाल्यावर’ अशा ट्रिगरात लिहिलेला होता. परंतु चौदावा दिवस उलटणे ही डेटाबेसच्या दृष्टीने घटनाच नाही. त्या दिवशी कोणी ओळ घालत नाही, कोणी बदलत नाही. बिलाला कोणी हात लावला तरच व्याजाची आकारणी होत होती, आणि थकलेल्या बिलाला हात लावण्याचे कारण कोणालाच नसते.

चित्रात या नियमाची घटना कोठे दाखवायची असा प्रश्न आल्यावर ही उणीव ध्यानात आली. बीपीएमएन या कामकाजाच्या आकृत्यांच्या प्रमाणकात वेळेच्या घटनेसाठी घड्याळाचे चिन्ह असलेले वर्तुळ आहे. तेच उसने घेतले आणि त्यामागे दररोज ठरावीक वेळी चालणारे काम पोस्टग्रेसच्या पीजी-क्रॉन या जोडणीतून लावले. त्याच बैठकीत दिवस कोठून मोजले जातात हाही मुद्दा निघाला. फंक्शन बिलाच्या तारखेपासून मोजत होते, १९६६ चा आदेश ऊस पोचल्याच्या तारखेपासून मोजायला सांगतो. पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी आलेल्या उसाच्या बाबतीत या दोन तारखांतील अंतर जवळपास सबंध मुदत खाऊन टाकते. लेखी कराराचा रकाना तोवर व्यवस्थेत नव्हताच. तो तक्त्यात आला.

शेतकऱ्यांना जाणारे संदेश हाही असाच भाग होता. पूर्वी संदेश ट्रिगरातूनच पाठवला जाई; पुढे काही कारणाने ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट, रद्द झाले तरी वजनाचा संदेश मोबाइलवर पोचलेला असे. आता ट्रिगर फक्त पोस्टग्रेसची अंतर्गत सूचना सोडतो, जी ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यावरच पुढे जाते, आणि ती ऐकून संदेश पाठवण्याचे काम नोड-रेडमध्ये मांडलेले आहे. आयबीएममध्ये २०१३ मध्ये सुरू झालेले हे ठोकळे-तारांचे साधन येथे उत्तम बसले. तेच साधन मजुरीच्या नोंदीसाठी वापरण्याची सूचना मात्र नाकारली गेली आणि ते योग्यच झाले, कारण वजन पक्के आणि मजुरी अजून वाटेत, अशी स्थिती हिशेबाला परवडत नाही.

अंतिम दुरुस्ती

निव्वळ वजन काढणारा पहिला ट्रिगर काढून टाकला गेला आणि तो रकाना पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून मिळणाऱ्या स्वयंगणित रकान्याच्या रूपात ठेवला गेला. मजुरीच्या ट्रिगराला रकान्याच्या नावाऐवजी मूल्याची अट लावली: जुने निव्वळ वजन आणि नवे निव्वळ वजन भिन्न असेल तरच चालायचे. स्थिती बदलल्याने आता तो उठत नाही, आणि वर्तुळातून मजुरीकडे जाणारा बाण त्या ठिकाणी तुटला. याशिवाय खात्यातील नोंदीवर खेप क्रमांक, खात्याचा प्रकार आणि दुरुस्ती क्रमांक मिळून एकमेव असले पाहिजेत असे बंधन घातले गेले, म्हणजे उद्या कोणी पाचवा नियम जोडून नवे वर्तुळ तयार केले तरी दुबार नोंद टेबलात शिरणार नाही. चित्र धोका दाखवते, तो अडवत नाही. अडवण्याचे काम बंधनाकडेच राहिले.

दुसऱ्या युनिटला देताना

याच कारखान्याच्या दुसऱ्या युनिटमध्ये मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वापरात होता आणि तेथेही हेच नियम हवे होते. ट्रिगरांचा मजकूर देऊन उपयोग नव्हता, म्हणून आलेख आणि तक्ते पाठवले गेले. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइलींत असल्याने कोणत्या ओळीत काय बदलले हे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात शब्दशः दिसत होते, आणि चित्र त्या मजकुरावरून दोन्हीकडे सारखेच उमटत होते. तक्ते जसेच्या तसे लागू पडले. आलेख लागू पडला नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर ओळीगणिक नव्हे तर आदेशागणिक एकदा चालतो, बदललेल्या सर्व ओळींची जुनी आणि नवी रूपे त्याला दोन तात्पुरत्या टेबलांत मिळतात, आणि आदेशाने एकही ओळ बदलली नसली तरी तो चालतो. पोस्टग्रेसमध्ये ज्या ठिकाणी ‘बदलण्याजोगी खेप उरली नाही’ म्हणून तपासणीची साखळी थांबत होती, तेथे एसक्यूएल सर्व्हरमध्ये शून्य ओळींचा आदेशही पुढचा ट्रिगर उठवतो. ट्रिगराने थेट स्वतःलाच उठवणे तेथे मुळात बंद असते, पण दुसऱ्या टेबलावरून वळसा घालून येणारी साखळी चालू राहते, आणि ३२ पातळ्यांची मर्यादा ओलांडली की सबंध ट्रान्झॅक्शन रद्द होते. जुन्या चार ट्रिगरांचे चित्र जसेच्या तसे तेथे उतरवले असते, तर दुबार मजुरीऐवजी रिकाम्या वजनाची नोंदच झाली नसती आणि ट्रॅक्टरांची रांग काट्यावर उभी राहिली असती.

त्यामुळे आलेखाच्या खुणांत दोन गोष्टी वाढवल्या गेल्या: प्रत्येक चौकटीवर ‘ओळीगणिक’ की ‘आदेशागणिक’ हे लिहायचे, आणि प्रत्येक बाणावर ‘शून्य ओळी असताना पुढे जातो का’ हे नोंदवायचे. एसक्यूएल सर्व्हरच्या बाजूला प्रत्येक ट्रिगराच्या पहिल्या ओळीत बदललेल्या ओळी आहेत का हे पाहून नसल्यास परत फिरण्याची तपासणी घातली गेली. ऑरॅकल या डेटाबेसवर चालणाऱ्या आणखी एका व्यवस्थेचा विषय पुढे निघाला तेव्हा तिसरी खूणही लागली, कारण ज्या टेबलात बदल चालू आहे तेच टेबल ओळीगणिक ट्रिगराने वाचू लागल्यास ऑरॅकल चूक दाखवून थांबतो, आणि खेपांची नव्याने बेरीज करणारा आपला तिसरा ट्रिगर नेमके तेच करतो. त्या चौकटीला सध्या आलेखात ‘ऑरॅकलसाठी वेगळी’ अशी खूण आहे आणि तेथे बेरीज आदेशागणिक ट्रिगरात हलवण्याचे काम चालू आहे.